मैदान गेलं कुठं, अन् रस्त्याचा पैसा कुणाचा?



गिरण्यांचे भोंगे थांबले, पण गिरणगावची माणसं अजून आहेत. लालबाग-परळात, डिलाईल रोडला आमचे किती तरी जुने गडी आजही चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहतात. अशा खोलीत पोरांनी खेळायचं कुठं? म्हणून मैदान ही आमची चैन कधीच नव्हती. ती आमची दुसरी खोली होती. हुतूतूचा डाव तिथं, भजन तिथं, संपाची सभाही तिथंच. अमर शेख, अण्णा भाऊ यांचे डफ गिरणगावच्या मैदानांवर घुमले, शेटजींच्या जिमखान्यात नव्हे!

आता मैदानाला जागा अन् पैसा कुठनं आणायचा, असं कुणी विचारलं की आम्हाला हसू येतं. १९९१ साली सरकारनेच नियम केला होता. गिरणीची जमीन विकासाला काढली तर ढोबळमानाने एक हिस्सा महापालिकेला मैदान-उद्यानासाठी, एक हिस्सा सार्वजनिक घरांसाठी, उरलेला मालकाला. २००१ साली त्याच नियमाची दुरुस्ती झाली : वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची! अहो, गिरणीत मोकळी जमीन असते किती? साचेखातं, बॉयलर, गोदामं, जिकडे तिकडे शेडच शेड. २००५ साली उच्च न्यायालयाने मैदानाच्या बाजूने कौल दिला, तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरवला. रोख पै न मोजता मिळणारी जमीन एका शब्दापायी गेली. तो शब्द मंत्रालयात लिहिला गेला, आमच्या चाळीत नव्हे.

रस्त्यांचंही तेच. जकात ही मुंबई महापालिकेची सर्वांत मोठी मिळकत. १ जुलै २०१७ ला ती बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देऊ लागलं. म्हणजे पैसा शहराचाच, फक्त फिरून येतो. तरी चार खड्डे बुजले की नाक्यावर फलक : अमक्या साहेबांच्या निधीतून! हा निधी साहेबांच्या शेतात पिकला काय? आमच्या साबणाच्या वडीवरही कर आहे.

फुकट आम्ही काही मागत नाही. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याने मालक आणि सरकार यांच्याबरोबर कामगारालाही वर्गणी लावली. कामगाराचा कापलेला दंड अन् न उचललेला पगारसुद्धा त्या निधीत घातला. कल्याण केंद्रातल्या कॅरमवर आणि शिवणवर्गावर आमचा घाम खर्च झालेला आहे.

तेव्हा राज्याचा पैसा वॉर्डाला मिळावा तो रस्त्याची लांबी आणि वस्ती पाहून, आमदार कुणाचा ते पाहून नव्हे. मैदानाची देखभाल त्याच हिशेबात धरा. दत्तक देण्याच्या नावाखाली त्याला कुंपण आणि क्लब नको. फलकावर फोटो लावू नका. रक्कम, कंत्राटदाराचं नाव आणि हमीची वर्षं लिहा.

पाऊस जूनमध्ये येतो. त्याच्या आधी प्रत्येक चाळीतून चार-चार माणसांनी वॉर्ड कचेरीत जाऊन हा हिशेब मागायचा आहे. बायामाणसांनाही बरोबर घ्या. खड्ड्यातून हंडा त्याच नेतात.