कर्नलचा सातबारा

सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन आपली, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. कोर्टाची पायरी चढल्यावर कळतं की तो महसुलाचा कागद आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. इथे ऑस्ट्रेलियात उलट आहे. रॉबर्ट टॉरेन्सच्या पुढाकाराने १८५८ साली अ‍ॅडलेडला जी पद्धत सुरू झाली, तिच्यात नोंद हीच मालकी.

आता हे पुराण कशासाठी? तर मी सिडनीत ड्रायव्हर लिहितो, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या उपकरणांशी बोलणारे प्रोग्राम. प्रत्येक उपकरणाला मेमरीच्या नकाशात एक पट्टा मिळालेला असतो. कर्नल तो पट्टा ड्रायव्हरला मॅप करून देतो. तिथे आकडा लिहिला की उपकरण हलतं. मागे एका प्रोजेक्टवर दोन ड्रायव्हरांनी एकच पट्टा धरला होता. एक टायमर चालू करायचा, दुसरा नकळत बंद. आमचा आख्खा आठवडा त्यात गेला!

लिनक्समध्ये अशा पट्ट्यांची नोंद असते. पण आधी नोंद करा, मग मॅप करा, हा शिरस्ता आहे, सक्ती नाही. नोंद न करता मॅप केलं तरी कर्नल सहसा अडवत नाही. दोन्ही एकदम करणारं फंक्शन आहे, शहाणी माणसं तेच वापरतात. आमच्यातल्या एकाने वापरलं नव्हतं. थोडक्यात, सातबारा.

सिडनीतच घडलेला 'एसईएल४' हा कर्नल मात्र टॉरेन्सच्या वळणाचा आहे. सुरुवातीलाच सगळ्या मेमरीचे, उपकरणांच्या पट्ट्यांसकट, हक्क पहिल्या प्रोग्रामच्या हाती दिले जातात. तो पुढे वाटतो. कोणाकडून कोणाला काय गेलं याची वंशावळ कर्नल ठेवतो, आणि मूळ हक्कदार दिलेलं सगळं परत घेऊ शकतो. हक्क नसेल तर मॅपिंग नाही. सुमारे ८,७०० ओळींचा हा सी कोड ठरवल्याप्रमाणेच वागतो, हे २००९ मध्ये गणिताने सिद्ध झालं.

अर्थात इथेही एक फट आहे. डीएमए करणारं उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहू शकतं. ते तसं गैरवागणार नाही हे त्या सिद्धतेने गृहीत धरलंय. त्याला अडवायचं तर आयओएमएमयू नावाचं वेगळं हार्डवेअर कुंपण लागतं.

माझं मत विचाराल तर घरच्या राउटरला सातबारा पुरे. पण औषधाचा पंप किंवा गाडीचा ब्रेक चालवणाऱ्या यंत्रात 'शहाणी माणसं नोंद करतीलच' या भरवशावर राहणं मला पटत नाही. तिथे जास्तीची मेहनत परवडते, कारण चुकीची किंमत आठवडाभराच्या डोकेदुखीपेक्षा फार मोठी असते.

तुमच्याकडे लिनक्स असेल तर रूट होऊन 'प्रॉक'मधली 'आयओमेम' फाईल उघडून बघा. कोणता पट्टा कोणाच्या नावावर आहे ते दिसेल. पण तो सातबाराच आहे, एवढं ध्यानात असू द्या.