अर्ज पुरे झाले!

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मंडळांच्या वार्षिक सभांमध्ये एक ठराव नेमाने संमत होतो : सरकारी नभोवाणी केंद्राने मराठीला अधिक वेळ द्यावा. सूचक बदलतात, अनुमोदक बदलतात. ठराव तोच राहतो. आम्ही या ठरावाला यापुढे हात वर करणार नाही. सरकारी नोकरीत अशा निवेदनांवर ‘दप्तरी दाखल’ हा शेरा आम्ही स्वतः मारलेला आहे. त्यांचे पुढे काय होते, हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

अर्जांनी नभोवाणी हलत नाही, हे इतिहासही सांगतो. १९५२ साली हे खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या विद्वान मराठी मंत्र्यांकडे आले. त्यांच्या कारकिर्दीत शास्त्रीय संगीताला मानाचे पान मिळाले आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. श्रोत्याला दुसरे दार सापडले, तेव्हाच सरकारने आपले दार किलकिले केले.

पुढे ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. सार्वजनिक म्हणजे कोणाची? १९९७ साली प्रसार भारती महामंडळ अस्तित्वात आले, परंतु तिजोरीच्या किल्ल्या सरकारपाशीच राहिल्या. २००१ पासून खासगी एफ. एम. केंद्रे आली, ती लिलावातून. बोली लावून परवाना घेणारा जाहिरातदाराचीच भाषा बोलणार. त्याला दोष देऊन काय उपयोग? बातम्यांचे तर नावच नको. खासगी दूरचित्रवाणीवर अहोरात्र बातम्यांचा गदारोळ चालतो. खासगी रेडिओला मात्र २०११ च्या धोरणानेही आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकवण्यापुरतीच मुभा दिली. गरिबाच्या घरातील यंत्राचेच सरकारला एवढे भय का वाटावे?

हा अन्याय आहेच. परंतु आमचा रोष आज सरकारपेक्षा आपल्यावर अधिक आहे. २००६ च्या धोरणाने नोंदणीकृत, नफा न कमावणाऱ्या संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्राची वाट मोकळी केली. अट काय, तर तीन वर्षे लोकांत काम केलेले असावे आणि निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत. प्रक्षेपक १०० वॅटचा, टापू साधारण दहा किलोमीटरचा. हैदराबादच्या पश्चिमेस झहीराबादजवळ माचनूर गावी २००८ साली ‘संघम रेडिओ’ सुरू झाला, तो दलित शेतकरी स्त्रियांनी चालवला. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडलाही असे केंद्र उभे राहिले. आणि आपण? आपल्या कित्येक मंडळांपाशी सभागृहे आहेत, ग्रंथालये आहेत, बँकेत ठेवी आहेत. नाही तो आवाज.

मराठी माणसे शहरभर विखुरलेली; निव्वळ मराठीचे केंद्र कसे मिळणार, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो खरा आहे. असे केंद्र साऱ्या परिसराचे असावे लागते. म्हणजे इंदुरात माळवीच्या आणि वडोदऱ्यात गुजरातीच्या शेजारी बसून मराठीने बोलावयाचे. पण आपली मराठी पिढ्यान्‌पिढ्या तशीच तर जगली आहे! त्या शेजारातून आलेले शब्द, बोलण्याचा हेल, घरातल्या ओव्या यांतले फारच थोडे कोठे छापले गेले आहे. बाकीचे ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या कंठात आहे. तो एकेक कंठ मिटत चालला आहे. त्याची दाद कोणत्या केंद्रसंचालकाकडे मागणार?

तेव्हा येत्या सभेत ठरावाऐवजी तिघांची समिती नेमावी. एकाने परवान्याचे कागद पाहावेत. दुसऱ्याने खर्चाचा अंदाज काढून वर्गणीला लागावे. तिसरा तिशीच्या आतला असावा. त्याने उद्यापासूनच घरोघरी जाऊन ज्येष्ठांचे आवाज ध्वनिमुद्रित करावेत. परवान्याला विलंब होईल; ती माणसे तोवर थांबणार नाहीत. सरकारकडे यापुढे एकच अर्ज जावा, तो परवान्याचा.