हरलेल्यांचा दिवस: कुंकळ्ळीच्या दोन स्मृती आणि आपण

दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी गावात दरवर्षी १५ जुलैला एका स्मारकापाशी पुष्पांजली वाहिली जाते. पोर्तुगीज सत्तेने १५८३ साली विश्वासघाताने ठार केलेल्या गावप्रमुखांचे हे स्मारक आहे. ज्या हत्याकांडानंतर या प्रमुखांचा बळी घेतला गेला, त्यात मारल्या गेलेल्या पाच येशूसंघीयांना पोप लिओ तेरावे यांनी १८९३ साली ‘धन्य’ घोषित केले. घटना एकच आणि तिची स्मरणे दोन. साहजिकच प्रश्न पडतो: पराभूतांचा दिवस पाळावा का? आणि पाळायचा झाल्यास कसा?

हा प्रश्न भांडुपच्या धर्मग्रामस्थांनाही परका नाही. भांडुप ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्याच नावाचा तालुका गोव्यात आहे आणि कुंकळ्ळी त्याच साष्टीत मोडते. आपल्यापैकी अनेकांची मुळे गोव्यात, वसईत वा याच साष्टीच्या जुन्या गावठाणांत आहेत.

जगातील दाखले

पराभवाची अधिकृत सुट्टी ही जगात नवी गोष्ट नाही. स्पेनच्या कॅस्टील आणि लिओन प्रांताचा प्रांतदिन २३ एप्रिल हा आहे. १५२१ साली याच तारखेला व्हिल्यालार येथे राजाविरुद्ध उठलेल्या नगरांच्या सैन्याचा पाडाव झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तीन नायकांचा शिरच्छेद करण्यात आला. आज त्या दिवशी कोणाच्या मनात सूडाची भावना नसते. राजसत्तेपुढे नगरांनी आपले हक्क मागितले, एवढेच लोक आठवतात.

अमेरिकेचे चित्र मात्र निराळे आहे. तेथील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेकडील राज्ये हरली. पुढे त्यांपैकी अनेक राज्यांनी आपल्या मृत सैनिकांच्या नावे सुट्टी ठेवली. अलाबामा व मिसिसिपी येथे ती एप्रिलमध्ये, तर दक्षिण कॅरोलिनात १० मे रोजी येते. मुलगा गमावलेल्या आईने त्याच्या कबरीवर फुले वाहावीत, यात गैर काहीच नाही. परंतु युनियनमधून फुटताना मिसिसिपीने काढलेल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचे रक्षण हेच कारण उघडपणे दिले होते. त्यामुळे तेथील कृष्णवर्णीय नागरिकाला या सुट्टीच्या दिवशी आपल्या पणजोबांच्या बेड्या आठवल्या, तर त्याला दोष कसा द्यावा? अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांत जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी दक्षिणेचे सेनापती ली आणि समतेसाठी प्राण वेचणारे मार्टिन ल्यूथर किंग यांचा दिवस एकत्र पाळला जातो. २०१५ साली चार्ल्सटन येथील चर्चमध्ये बायबलवाचनासाठी जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. त्याच वर्षी जॉर्जियाने या सुट्टीचे जुने नाव काढून टाकले. २०२० साली व्हर्जिनियाने आपल्या सेनापतींच्या नावाची सुट्टीच बंद केली.

या दोन दाखल्यांवरून आम्हांस एक कसोटी दिसते. मृतांचा शोक करणे निराळे आणि ते ज्या कार्यासाठी लढले त्याला निर्दोष ठरवणे निराळे. ज्या स्मरणदिनी शेजाऱ्याला आपले दुःख गिळून गप्प बसावे लागते, त्या दिवसात काहीतरी दोष आहे.

कुंकळ्ळीत काय घडले

ही कसोटी आपल्याच घरी लावून पाहू. सोळाव्या शतकात गोव्याच्या साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. कुंकळ्ळीच्या शांतादुर्गेला फातर्प्याला आश्रय घ्यावा लागला. शिगम्याच्या काळात बारा वांगडांच्या बारा छत्र्यांची मिरवणूक आजही या दोन गावांना जोडते. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणा, वेळी आणि आंबेली या गावांचा सत्तेला विरोध होता. अशा तणावात फादर रुडॉल्फ अक्वाव्हिव्हा व त्यांचे सहकारी चर्चसाठी जागा पाहण्यास आणि क्रूस उभारण्यास कुंकळ्ळीला गेले. हेच फादर रुडॉल्फ पूर्वी सम्राट अकबराच्या दरबारी राहून आले होते. जमावाने हल्ला केला तेव्हा फादर पाशेको यांनी बंदूक उचलणाऱ्या सोबत्याला आवरले, असे चर्चचे वृत्तांत सांगतात. पाचही जणांनी प्रतिकार न करता मरण पत्करले.

यानंतर गावप्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. सोळांपैकी एक जण तेवढा निसटला, असे परंपरा सांगते. गावांच्या जमिनीही जप्त झाल्या. हुतात्म्यांचे धैर्य खरे आहे आणि प्रमुखांवर झालेला अन्यायही तितकाच खरा आहे. त्यांतील एक सत्य मान्य केल्याने दुसरे उणे होत नाही.

या दोहोंच्या मध्ये आणखी काही मृत आहेत. त्या दिवशी येशूसंघीयांबरोबर स्थानिक ख्रिस्ती लोकही मारले गेले. १८९३ च्या घोषणेत त्यांचा समावेश नव्हता. त्यांच्यात डॉमिनिक नावाचा कुंकळ्ळीचाच एक मुलगा होता. तो राशोलच्या शाळेत शिकत असे आणि पूर्वी त्याने धर्मगुरूंना देवळांच्या जागा दाखवल्या होत्या. त्याला त्याच्या सख्ख्या काकानेच मारले, असे चर्चच्या वृत्तांतात नमूद आहे. परक्या सत्तेविरुद्धचा हा लढा एका घराच्या उंबऱ्यावर येऊन यादवी झाला, तो असा. डॉमिनिकच्या नावाचा दिवस मात्र कोणीच पाळत नाही.

आपण कोणत्या बाजूचे?

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला पराभवाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी साष्टी व वसई पोर्तुगिजांकडून जिंकली. चिमाजी आप्पांच्या त्या विजयाचा अभिमान महाराष्ट्राला आहे आणि मराठी म्हणून तो आपलाही आहे. त्या वेळी पोर्तुगीज निघून गेले. आपले पूर्वज मात्र येथेच राहिले, कारण ते याच मातीचे शेतकरी, कोळी व कारागीर होते. तरीही अधूनमधून कोणीतरी आपल्याला त्या पराभूत परकीयांत जमा करतो आणि ते मनाला लागते. हा सल ज्याला ठाऊक आहे, त्याने कुंकळ्ळीच्या प्रमुखांना केवळ ‘मारेकरी’ म्हणून मोकळे होऊ नये.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात रिस्पा नावाची स्त्री भेटते. शौलाचे घराणे हरले होते आणि तिचे दोन्ही मुलगे ठार झाले होते. हंगामाच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती त्या मृतदेहांजवळ बसून राहिली. दिवसा पक्ष्यांना आणि रात्री श्वापदांना तिने हाकलले. तिच्या या व्रताची वार्ता ऐकून विजयी दावीद राजाने शौल व योनाथान यांच्या अस्थी आणवल्या आणि सन्मानाने पुरल्या. शौलाची राजवट योग्य होती, असे रिस्पाने कधी म्हटले नाही. तिने केवळ मृतांची राखण केली.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली झालेल्या बळजबरीबद्दल देवाची क्षमा मागितली. त्यामुळे हुतात्म्यांचा मान कमी झाला नाही. येत्या जुलैत पाच धन्य हुतात्म्यांचे स्मरण करताना आपण असोळण्यात मारल्या गेलेल्या प्रमुखांसाठी, छोट्या डॉमिनिकसाठी आणि त्याच्या काकासाठीही प्रार्थना करावी. २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी मेणबत्ती लावताना आपण कोण जिंकले आणि कोण हरले, हे विचारत नाही. कुंकळ्ळीसाठीही तेच करावे, अशी आमची नम्र विनंती आहे.