प्रवासाचीं पानें : यॉर्क

ज्यांचीं मुलें नोकरीनिमित्त सांप्रत इंग्लंडांत राहतात, असे आमचे वाचक आतां थोडेथोडके नाहींत. अशा घरांतील वडीलधारी माणसें एकदां तरी तिकडे जाऊन येतात, लंडन पाहतात, आणि परत आल्यावर काय पाहिलेंत म्हणून विचारलें तर राजवाडा, नदीवरचा पूल व मुलाचें स्वयंपाकघर एवढेंच सांगतात. त्यांस आमचें सांगणें असें कीं, लंडनचे तीन दिवस कमी करून ते उत्तरेकडील यॉर्क शहरास द्यावे. किंग्ज क्रॉस स्थानकावरून आगगाडीनें सुमारें दोन तासांचा प्रवास. सकाळीं जाऊन रात्रीं परतण्याचा बेत पुष्कळजण करतात. तो आम्हांस मुळींच पसंत नाहीं. भर दुपारीं शॅम्बल्स या खाटकांच्या जुन्या गल्लींत नुसती माणसांची पाठ दिसते. शहर पाहावयाचें तें सकाळीं लवकर किंवा गर्दी ओसरल्यावर.

रोमन लोकांनीं हें शहर इ. स. ७१ मध्यें वसविलें. ३०६ सालीं कॉन्स्टंटाइनला त्याच्या सैन्यानें सम्राट म्हणून येथेंच पुकारलें. ८६६ सालीं तें व्हायकिंग लोकांनीं जिंकलें. त्यांच्या भाषेची खूण अद्याप रस्त्यांच्या नांवांत आहे. 'गेट' म्हणजे त्यांच्या भाषेंत रस्ता. म्हणून स्टोनगेट, कॉपरगेट हे रस्ते, आणि जे खरोखरीचे दरवाजे त्यांस 'बार' म्हणावयाचें! नवख्यानें हें ध्यानांत ठेवावें, नाहींतर मिकलगेट बार शोधतांना त्याची गांठ एखाद्या मद्यगृहाशीं पडावयाची.

शहराभोंवतींच्या तटावरून सुमारें साडेतीन किलोमीटर चालतां येतें, व त्यास एक पैसाही पडत नाहीं. बूथम बारपासून मंक बारपर्यंतचा भाग सर्वांत रम्य. मात्र आंतल्या बाजूस कित्येक ठिकाणीं कठडा नाहीं. नातवंडांचा हात सोडूं नये.

तटावरून सतत डोळ्यांत भरतें तें मिन्स्टर, म्हणजे येथील महामंदिर. त्याचें बांधकाम सुमारें १२२० पासून १४७२ पर्यंत चाललें होतें. ज्यांनीं पाया घातला त्यांच्या खापरपणतवंडांनाही कळस दिसला नाहीं! पूर्वेकडील खिडकी जॉन थॉर्नटन या कारागिरानें १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडविली. टेनिसच्या पटांगणाएवढ्या त्या कांचेवर जगाचा आरंभ आणि अंत चितारलेला आहे, आणि त्या सर्व कामाचे त्यास ५६ पाउंड मिळाले. उत्तरेकडे 'फाइव्ह सिस्टर्स' नांवाच्या पांच उंच, करड्या खिडक्या आहेत. पहिल्या महायुद्धांत प्राण गमावलेल्या स्त्रियांच्या स्मरणार्थ त्या १९२५ सालीं अर्पण करण्यांत आल्या. आमच्या भगिनींनीं तेथें क्षणभर थांबावें. आंत जाण्यास तिकीट आहे. परंतु सायंप्रार्थनेस बसणाऱ्याकडून कांहीं घेत नाहींत. ते सूर त्या उंच कमानींखालीं ऐकावयाचे असतील, तर रात्रीचा मुक्काम यॉर्कलाच हवा.

आतां क्लिफर्ड्स टॉवरविषयीं. हिरव्या टेकाडावरचा हा वाटोळा बुरूज पाहून लोक छायाचित्र काढतात व पुढें जातात. ११९० सालच्या मार्च महिन्यांत येथें तेव्हां लांकडी बुरूज होता. शहरांत ज्यू लोकांविरुद्ध दंगल उसळली, तेव्हां सुमारें दीडशें ज्यूंनीं बायकामुलांसह त्या बुरुजांत आश्रय घेतला. बाहेर जमलेल्या जमावाच्या पुढाऱ्यांत त्यांचे ऋणको असलेले प्रतिष्ठित गृहस्थ होते. सुटकेची आशा सरली तेव्हां आंतल्या पुष्कळांनीं आपल्याच हातांनीं कुटुंबीयांचा व स्वतःचा शेवट केला. आमच्या वाचकांस राजपुतान्यांतील जोहार आठवेल. जे अभयवचनावर विश्वासून बाहेर आले, त्यांस जमावानें ठार केलें. मग मंडळी थेट मिन्स्टरांत गेली आणि तेथें ठेवलेले कर्जरोखे तिनें जाळून टाकले! धर्माच्या नांवावर सुरू झालेल्या त्या रात्रीचा हिशेब हा असा होता. सध्याचा दगडी बुरूज तेराव्या शतकांतला. पायथ्याशीं स्मरणाची पाटी लागावयास १९७८ साल उजाडावें लागलें. वसंतांत टेकाडावर पिवळीं डॅफोडिल फुलें डंवरतात, तींही त्या मृतांच्या आठवणीसाठीं लावलेलीं आहेत. असल्या गोष्टी मुलांस सांगूं नयेत असें कित्येक पालक मानतात. आमचें मत उलट आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलास येथें आणावें, आणि रोख्यांची गोष्ट तर अवश्य सांगावी.

खाण्याचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक. यॉर्कशायर पुडिंग हें गोड पक्वान्न नव्हे. तें पीठ, दूध व अंडीं यांचें असून मांसाबरोबर खातात. तळलेले बटाटे निर्धोक समजूं नयेत, कारण या प्रांतांत ते गाईच्या चरबींत तळण्याची जुनी रीत कित्येक दुकानांत चालूं आहे. आधीं विचारावें, विचारण्यांत संकोच कसला? बेटीज या प्रसिद्ध चहागृहांत रांग लांब असते, परंतु चहा उत्तम. चॉकलेटचा इतिहास तर या शहराच्या हाडांत आहे. किटकॅट १९३५ सालीं येथील राउंट्री कंपनीनें काढलें. त्याच घराण्यांतील सीबोम राउंट्री यानें शहरांतील घरोघर चौकशी करवून १९०१ सालीं ग्रंथ लिहिला, आणि शेंकडा सुमारें २८ लोक दारिद्र्यांत आहेत असें दाखवून दिलें. गोड विकणाऱ्या घरानें कडू सत्य छापलें, याचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

आगगाड्यांचें संग्रहालय मुलांसाठीं राखून ठेवावें. १९३८ सालीं ताशीं १२६ मैल धांवून वाफेच्या इंजिनांत विक्रम करणारें 'मॅलर्ड' तेथें उभें आहे.

तिसरा दिवस बाहेरगांवचा. फाउंटन्स ॲबी हा ११३२ सालीं स्थापन झालेला व आठव्या हेन्रीच्या अमदानींत, १५३९ सालीं, बंद पाडलेला मठ. भग्न कमानी आणि भोंवतालची हिरवळ पाहावयास मोटार असल्यास सोयीचें. मोटार नसेल तर व्हिटबीला बसनें जावें. ओसाड माळरानांतून जाणारा तो रस्ताच अर्धी यात्रा होय. जेम्स कुक दर्यावर्दीचे धडे याच बंदरांत शिकला. वरच्या भग्न मठाकडे १९९ पायऱ्या जातात. आपल्या पर्वतीच्या १०३! गुडघे दुखणाऱ्यांनीं खालीं धक्क्यावर बसून बोटी पाहाव्या, व परतीची शेवटची बस केव्हां सुटते हें उतरतांच टिपून ठेवावें.