सत्तेचा लगाम

शी जिनपिंग २०१२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. २०१८ मध्ये अध्यक्षपदावरील दोन मुदतींची घटनात्मक मर्यादा रद्द झाली, तेव्हा विरोधात पडली अवघी दोन मते! सत्तेचे केंद्रीकरण माळशिरस तालुक्यासही अपरिचित नाही. शंकरराव मोहिते-पाटील यांनी अकलूज परिसरात सहकारी साखर कारखाना, शिक्षणसंस्था उभारल्या. पुत्र विजयसिंह २००३ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. परंतु २००९ मध्ये माळशिरस मतदारसंघ राखीव झाला आणि पंढरपुरात मतदारांनी त्यांना नाकारले. २०१४ मध्ये माढ्याच्या मतदारांनीच लोकसभेत पाठविले. भेद आहे तो एवढाच, आणि तो लहान नव्हे. मात्र सहकारी संस्थांच्या निवडणुका ‘बिनविरोध’ होण्यातच आपण भूषण मानू लागलो, तर हा लगाम आपणच सोडून दिला असे म्हणावे लागेल.