मिरजेचा पाहुणा रिकाम्या हाताने का परततो?

बहामनी आणि आदिलशाही राजवटी पाहिलेले मिरज हे आपल्या भागातील जुने शहर. हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यावर महाराष्ट्र-कर्नाटकातून भाविक येतात. १९३७ साली इंतकाल पावलेले किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच आवारात दफन आहेत, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई-वादक हजेरी लावतात. त्यात रेल्वेचे जंक्शन आणि दवाखान्यांचे गाव. म्हणजे गिऱ्हाईक आपल्या पायाने गावात येते. तरी सतारमेकर गल्लीतल्या कारागिराला त्याचा किती लाभ होतो?

एकोणिसाव्या शतकात येथील शिकलगारांनी हत्यारांचे काम मागे पडल्यावर तंतुवाद्ये घडवायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकरांचे नाव त्यात अग्रभागी आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचे लाकूड आणि कानाने लावलेली जवारी, यावर मिरजेचे नाव देशाबाहेर गेले. पण विजेवरचा तंबोरा आला, पुढे तो मोबाईलमध्येही शिरला. बापाचा रंधा हाती घ्यायचा की दुसरीकडे नोकरी धरायची, हा प्रश्न आता घरोघरी आहे.

बीदरकडे पाहा. तेथे किल्ला पाहायला गेलेला माणूस बिदरीची एखादी डबी घेऊनच परततो, कारण ती त्याच्या खिशाला परवडते व पिशवीत मावते. आमच्याकडे एक तर पूर्ण सतार, नाही तर काहीच नाही.

आमची सूचना साधी आहे. कारखानदारांनी मिळून रोज ठराविक वेळ कारखाना पाहण्यासाठी खुला ठेवावा आणि त्याचे माफक शुल्क घ्यावे. शिकाऊ मुलांकडून एकतारीसारख्या लहान वस्तू करून घ्याव्यात. भाव एकच असावा, पावती द्यावी. परगावच्या माणसाला एकदा फसवले की तो दहा जणांना सांगतो आणि बदनामी साऱ्या गल्लीची होते.

काही बुजुर्ग म्हणतात, काम उघडे केले तर हुन्नर चोरीला जाईल. हुन्नराची ही काळजी आम्हाला मान्य आहे. परंतु जी जवारी वर्षानुवर्षे उस्तादापुढे बसून हाताला लागते, ती अर्ध्या तासात कोण नेणार? खरी चोरी नावाची होते. दुसरीकडे बनलेले वाद्य मिरजेचे म्हणून विकले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कामासाठी. मात्र संस्थेला मानांकन मिळाले म्हणून प्रत्येक कारागिराचे काम भागत नाही. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी केली पाहिजे. ती दहा वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. कागद नसेल तर नकली मालाविरुद्ध दाद मागणे अवघड जाईल.

सातारकरांनाही हेच सांगणे. २०२५ साली प्रतापगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. महाबळेश्वरला जाणारी गाडी आता गडाकडेही वळेल. त्या वाटेवर आपल्या दुकानात आपल्या जिल्ह्याचा माल असेल, की बाहेरून आणलेली प्लास्टिकची खेळणी?

जुन्या शहराची कीर्ती वाडवडिलांनी कमावली. तिच्यावर पोट भरायचे तर मेहनत आपल्यालाच करावी लागेल. पुढच्या उरुसाआधी मिरजेच्या कारखानदारांनी एकत्र बसून निदान वेळ, भाव आणि नोंदणी या तीन गोष्टी ठरवाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.