घरांतील विज्ञान : दोन मीटरांची घरघर
गेल्या गणेशोत्सवांत आमच्या साताऱ्याच्या वाड्यांत एक चमत्कारिक प्रसंग घडला. सांगलीस शिकत असलेला आमचा पुतण्या आपली विजेची गिटार व तिचा लहानसा अँप्लिफायर घेऊन आला होता. आरतीनंतर ओसरीवर त्याचें वादन व्हावें व तें चौकांतील सर्वांस ऐकूं जावें, म्हणून भाड्यानें ध्वनिवर्धक आणविला होता. दोहोंस जोडणारी तार बसवितांच मात्र अशी घरघर सुरू झाली कीं, आई आंतून म्हणाली, "अरे, या वेळीं जातें कोणी लावलें?"

आपल्याकडील विजेचीं सेकंदाला ५० आवर्तनें होतात. घरघरीचा मूळ स्वर तोच. पण तिच्यांत त्याच्या दुपटीचा, १०० आंदोलनांचा, स्वरही ठळकपणें ऐकूं येतो. काळी एकमध्यें लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची पंचमाची तार सुमारें १०४ आंदोलनांची. म्हणजे हा परका सूर तीव्र मध्यम व पंचम यांच्या मध्यें कोठें तरी लोंबकळत राहतो. मिरजेच्या तंबोऱ्यांवर ज्यांचे कान घडले आहेत, त्यांस तो असह्य व्हावा यांत नवल नाहीं!

जोडतार काढली तों दोन्ही यंत्रें शांत. अर्थात् दोष जोडणींतच होता. (गिटार एकटीच घुरघुरत असेल, तर वादकानें जागच्या जागीं थोडें वळून पाहावें, ट्यूबलाइटपासून दूर बसावें, तो रोग निराळा.) मग प्लग पाहिले. वाटणीपासून आमच्या वाड्यांत दोन मीटर आहेत, एक दादांकडे व एक आमच्याकडे, आणि प्रत्येकाचें अर्थिंग वेगळ्या खड्ड्यांत उतरलें आहे. अँप्लिफायर आमच्या बोर्डावर होता, ध्वनिवर्धक दादांच्या. दोन अर्थिंगांचा विद्युद्दाब तंतोतंत सारखा क्वचितच असतो. जोडतारेच्या बाहेरच्या जाळीनें तीं दोन टोकें एकत्र आलीं, वर्तुळ पुरें झालें, आणि विजेचा भटका प्रवाह गाण्याच्या वाटेनें वाहूं लागला.

यंत्राबरोबर आलेला मनुष्य मोठा तयारीचा. त्यानें तत्काळ पक्कड काढून प्लगची तिसरी, जाड पिन कापावयास घेतली. "सगळीकडे असेंच करतों," म्हणाला. तेवढ्यानें घरघर थांबली असती, हें खरें. पण मीं त्याचा हात धरला. अँप्लिफायरच्या पोटांत एखादी तार सुटून धातूच्या सांगाड्यास टेकली, तर २३० व्होल्ट थेट गिटारच्या तारांवर येतात. अशा वेळीं फ्यूज जळून वादक वाचतो, तो त्या पिनेमुळें. गाणाऱ्याचीं तर बोटें तारांवर व ओठ मायक्रोफोनशीं असतात. १९७२ सालीं ब्रिटनमधील स्वान्सी येथें लेस्ली हार्वे हा २७ वर्षांचा गिटारवादक, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन, भर रंगमंचावर मरण पावला.

आम्हीं दादांच्या बोर्डावरून तीन पिनांची एक लांब तार ओढली व दोन्ही यंत्रें तिच्यावर लावलीं. घरघर बहुतेक नाहींशी झाली. उरलीसुरली, दुसऱ्या दिवशीं पुतण्याच्या मित्रानें सांगलीहून आणलेल्या 'डीआय बॉक्स'नें गेली. ही डबी घेतांना आंत ट्रान्सफॉर्मर असलेलीच मागावी. त्यांत दोन वेटोळीं तारेस तार न लागतां शेजारीं असतात. गाणें चुंबकीय क्षेत्रावाटे पलीकडे जातें. डबीवरील 'ग्राउंड लिफ्ट'चें बटन दाबलें कीं जाळीचा दुवाही तुटतो आणि भटका प्रवाह अलीकडेच राहतो. विजेच्या प्लगाचें अर्थिंग मात्र कायम असतें, म्हणूनच हा उपाय निर्धोक. आणखी एक : अँप्लिफायरमधून तार घ्यावयाची ती 'लाइन आउट'मधून, स्पीकरसाठीं असलेल्या भोकांतून ती थेट मिक्सरकडे नेल्यास मिक्सर जळण्याचें भय असतें.

अनंतचतुर्दशीपर्यंत रोज वादन झालें. इतक्या दिवसांची वीज आपल्याच मीटरवर कशी चढली, असें दादांनीं हसत विचारलें, तेव्हां आईनें त्यांच्या पानांत आणखी एक मोदक वाढला.